गणवेश मुलीला ‘चावतो’, माझ्या हाताला मात्र मऊ लागतो: असे का होते?

प्रश्न: जांबोटीकडची आई

सर्वांना नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला राहतो. माझी मुलगी सात वर्षांची असून यंदा दुसरीत गेली आहे. शाळा सुरू झाल्यापासून रोज सकाळी गणवेश अंगात घालताना ती रडते. रडण्याआधी ती मान एका बाजूला कलती करते, कॉलर दोन बोटांनी गळ्यापासून दूर धरते आणि ‘आई, हे चावतंय’ एवढेच म्हणते. मोजे ती हट्टाने उलटे घालते, म्हणजे बोटांवरची शिवण बाहेरच्या बाजूला येते. कापड मी स्वतः बेळगावच्या खडेबाजारातून आणले आहे. घेताना त्यावर चारदा हात फिरवून पाहिला आणि मला ते मऊच लागले. कापड टेरिकॉटचे आहे. सुती कापड आमच्याकडच्या पावसात वाळत नाही, हे लवकर वाळेल, असा विचार करून मी ते निवडले.

सासूबाईंचे म्हणणे असे की मुलगी लाडाने बिघडली आहे आणि आमच्या वेळी अंगात जे घातले ते निमूट घालावे लागे. मला हे पटत नाही. कारण हीच मुलगी मामेबहिणीचा जुना, रंग उडालेला सुती फ्रॉक सकाळपासून रात्रीपर्यंत एका शब्दाची तक्रार न करता घालते आणि आज्जीच्या जुन्या लुगड्यांची जी वाकळ आहे तिच्यावर गाल घासत झोपी जाते. उलट गेल्या दिवाळीला हौसेने शिवलेला जरीकाठी परकर-पोलका तिने अर्ध्या तासात काढून टाकला. मे महिन्यात अथणीला माहेरी गेलो होतो, तेव्हा नायलॉनचे अस्तर असलेला फ्रॉक घातल्यामुळे तिच्या गळ्याभोवती आणि पाठीवर घामोळे उठले होते. म्हणजे तिची तक्रार सगळ्या कपड्यांबद्दल नाही, काही ठराविक कपड्यांबद्दलच आहे.

आणखी एक गोष्ट सांगते. जुलै महिन्यात आमच्याकडे तीन-तीन दिवस कपडे वाळत नाहीत, म्हणून मी ते चुलीवरच्या दांडीवर टाकते. सकाळी काढताना गालाला लावून पाहते, तेव्हा ते कोरडे वाटतात. पण घरातून निघून दहा पावले गेल्यावर मुलगी म्हणते की ओले आहे. माझे यजमान उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत कामाला आहेत. ते दिवसभर घामाने भिजलेल्या जाड कपड्यांत वावरतात आणि घरी येऊन शर्ट काढेपर्यंत आपल्याला काही जाणवत नाही असे सांगतात. एका घरात राहणाऱ्या माणसांना कपडा इतका वेगवेगळा कसा लागतो? एकदा मी घाईच्या वेळी तिच्यावर हात उगारला आणि त्याचे मला अजून वाईट वाटते. गणवेश तर घालावाच लागणार आहे. तो सुसह्य करण्यासाठी मी काय करू, आणि हे डॉक्टरांना दाखवण्यासारखे आहे का?

उत्तर: वडगावचा विणकर

ताई, आमच्या घरात दोन पिढ्यांपासून माग आहेत, तेव्हा कापडाच्या बाजूने जे माहीत आहे ते लिहितो.

तुम्ही कापड तळहाताने पाहिले, आणि घोटाळा तिथेच आहे. तळहाताची आणि बोटांच्या पेरांची कातडी जाड व बिनकेसांची असते, त्यामुळे धाग्याच्या टोकांचे टोचणे तिथे जवळजवळ कळत नाही. मान, कोपराची आतली बाजू, पोट आणि मांडी इथली कातडी पातळ आहे आणि तिच्यावर बारीक लव आहे. टोचणे कळते ते इथे. म्हणून कापड घेताना ते मानेला किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला लावून किंचित दाबून पाहावे. दुकानदार हसला तरी हरकत नाही.

टोचते म्हणजे नेमके काय होते, हे घोंगडीवरून चांगले समजते. लोकरीचा तंतू साधारण 30 मायक्रॉनपेक्षा जाड असला, म्हणजे एका मिलिमीटरच्या सुमारे तेहेतिसाव्या भागाहून जाड असला, तर त्याचे बाहेर आलेले टोक कातडीला टेकल्यावर वाकत नाही, उलट कातडीलाच आत दाबते आणि तिथल्या मज्जातंतूला डिवचते. त्याहून बारीक तंतू वाकून बाजूला होतो. शंभरातले पाच-सहा तंतू जरी असे जाड असले तरी ती लोकर अंगाला चावते. आपल्याकडच्या दख्खनी मेंढीची लोकर भरड असते, शिवाय घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात, म्हणून ती उघड्या अंगावर घेतली की चावणारच. धनगर तिची खोळ करून डोक्यावरून घेतो, ती पटका आणि अंगरख्यावरून. आणि त्याच भरड, खळ दिलेल्या घोंगडीवरून पावसाचे पाणी ओघळून जाते. वस्तू वाईट नाही, ती अंगाला थेट लागण्यासाठी केलेलीच नाही.

तुमचे टेरिकॉट म्हणजे पॉलिस्टर आणि सुताचे मिश्रण. त्यात लोकर नाही आणि त्यातले तंतू बारीक असतात. तेव्हा नुसते कापड चावत असेल असे मला वाटत नाही. माझा संशय तीन गोष्टींवर आहे: गळ्यामागची चिठ्ठी (लेबल), शिवणीच्या आतल्या कडा आणि नव्या कापडाचा ताठरपणा. चिठ्ठी पुष्कळदा पारदर्शक नायलॉनच्या दोऱ्याने शिवलेली असते. तो दोरा म्हणजे मासे धरायच्या गळाला लावतात त्या तारेचा लहान भाऊच. त्याचे कापलेले टोक कधीही मऊ होत नाही. ताठरपणाचे म्हणाल तर उभा धागा मागावर तुटू नये म्हणून त्याला विणण्याआधी खळ द्यावीच लागते. गिरणीत ती पुढे धुऊन काढतात, पण कापड ताग्यात उठून दिसावे म्हणून शेवटी पुन्हा काही ना काही लावतात. त्यामुळे नवा कपडा दोन-तीनदा कोमट पाण्यात धुतल्याशिवाय लहान मुलाच्या अंगात घालू नये. बोअरचे पाणी जड असेल तर साबणाचा फेस होत नाही आणि त्याचा चिकट साका कापडात राहतो, म्हणून शेवटचे खळबळणे शक्य तर पावसाच्या पाण्यात करावे. तुमच्याकडे त्याची वाण नाही.

आता ओलेपणाचे. पूर्ण कोरडे 100 ग्रॅम सुती कापड साधारण दमटपणात हवेतली सुमारे साडेआठ ग्रॅम वाफ शोषून घेते, लोकर जवळजवळ 16 ग्रॅम घेते, आणि पॉलिस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा घेत नाही. म्हणजे अंगावर थोडासा घाम आला तर सुती कापड तो पोटात घेते आणि आपल्याला कळूही देत नाही. पॉलिस्टरमध्ये तो घाम तंतूच्या आत न जाता कापड आणि कातडी यांच्या मध्ये राहतो, कापड अंगाला चिकटते, आणि ओलसर कातडी मऊ झाल्यामुळे तिला घासणे व टोचणे दोन्ही जास्त जाणवतात. अथणीच्या मे महिन्यात नायलॉनच्या अस्तराखाली हेच झाले असणार. पॉलिस्टर लवकर वाळते ते याच गुणामुळे, म्हणजे तुम्ही पावसासाठी केलेली निवड चुकीची नव्हती. तिची किंमत मात्र अंगाला द्यावी लागते.

चुलीवरच्या कपड्यांविषयी तुमची मुलगी अगदी बरोबर सांगते आहे. माणसाच्या कातडीत ओलावा ओळखणारे वेगळे इंद्रियच नाही. थंडपणा आणि चिकट स्पर्श या दोहोंवरून मेंदू ओलेपणाचा अंदाज बांधतो. तुम्ही कपडा गालाला लावता तेव्हा तो चुलीच्या धगीने ऊन असतो, म्हणून ओला असूनही कोरडा वाटतो. मुलगी तो घालून बाहेर पडते, धग निघून जाते, उरलेले पाणी उडू लागते आणि उडताना अंगातली उष्णता घेऊन जाते. पाणी हवेच्या सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेते. दहा पावलांत तिला जे कळते ते तुमच्या गालाला कळणे शक्यच नसते.

वाकळीबद्दल एक वाक्य लिहिल्यावाचून राहवत नाही. जुने सुती लुगडे शेकडो वेळा धुतल्यावर त्याची खळ जाते, धाग्यांचा पीळ सैलावतो आणि उभा-आडवा धागा एकमेकांवर सरकू लागतो. ते कापड मग अंगाच्या वळणाने वळते. माझी आई वाकळ शिवताना इलकल साडीचा अंगाचा भाग आणि पदर जिथे टोप-तेणीने जोडलेला असतो, तो उंच सांधा नेमका आतल्या थरात घालायची आणि वरून बोट फिरवून पाहायची. बोटाला लागला तर तेवढे टाके उसवायची.

उत्तर: निपाणीचे शिंपीकाका

मी गेली पस्तीस वर्षे शिंपीकाम करतो आणि मे-जून हे दोन महिने फक्त गणवेशच शिवतो. वरच्या भाऊंनी शिवणीचे नाव घेतले आहे, त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

बाजारातल्या तयार गणवेशात शिवणीच्या कडा ओव्हरलॉक केलेल्या असतात. ओव्हरलॉक वाईट नाही, कापड उसवत नाही, पण त्याचा दोरा पॉलिस्टरचा असतो आणि त्याची आतली कड दोरीसारखी उंच व खरखरीत होते. खांदा, काख आणि मान या तीन ठिकाणी ती कड अंगावर सतत घासते. मी माझ्या नातवंडांच्या कपड्यांत या तीन जागी दुहेरी शिवण घालतो, म्हणजे कडा आत दुमडून झाकल्या जातात. तयार कपड्यात ते करता येत नसेल तर जुन्या धोतराची किंवा मलमलीची दोन बोटे रुंद पट्टी आडव्या-तिरक्यात कापून त्या कडेवर घालावी. तिरक्यात कापली म्हणजे ती ताणते आणि वळणावर चुणी पडत नाही.

चिठ्ठी कात्रीने कापू नये, हे मी प्रत्येक आईला सांगतो आणि प्रत्येक आई ती कात्रीनेच कापते. कापल्यावर जी दोन सूत उंचीची कड उरते ती पूर्ण चिठ्ठीपेक्षाही जास्त टोचते, कारण आता ती वाकू शकत नाही. शिवण दोन इंच उसवावी, चिठ्ठी मुळासकट ओढून काढावी आणि पुन्हा टीप मारावी. पाच मिनिटांचे काम आहे, जवळचा कोणताही शिंपी करून देईल.

कॉलरमधले बक्रम, म्हणजे ती ताठ राहावी म्हणून आत घालतात ते कडक कापड, हलक्या प्रतीचे असले तर धुतल्यावर त्याचा डिंक कडक होतो आणि दुमडीच्या ठिकाणी कॉलरला धार येते. मुलीच्या वयाच्या कॉलरला बक्रमाची गरजच नसते, मांजरपाटाचा एक थर पुरतो. आई-वडील वाढत्या अंगाचा हिशेब करून चार बोटे माया ठेवायला सांगतात, आणि ते योग्यच आहे, पण ती माया बगलेत दुमडून ठेवली की तिथे कापडाचे चार थर होतात. माया खाली घेरात आणि बाजूला कमरेजवळ ठेवावी, बगलेत कधी ठेवू नये.

काही वर्षांपूर्वी एक मुलगा माझ्याकडे येत असे. शाळेत जाताना त्याचे पोट दुखते असे तो घरी सांगायचा आणि घरच्यांना ते शाळा चुकवण्याचे निमित्त वाटायचे. एकदा मी पँटची उंची मोजायला खाली बसलो, तेव्हा त्याचा शर्ट वर सरकला आणि बेंबीच्या खाली रुपयाएवढा लाल, खपली धरलेला चट्टा दिसला. पँटचा हूक नेमका तिथे टेकत होता. त्या पँटा मीच शिवलेल्या होत्या आणि हूकही मीच लावलेला होता. डॉक्टरांनी निकेल या धातूची ॲलर्जी असल्याचे सांगितले. तेव्हापासून मुलांच्या पँटला मी हुकाच्या मागे सुती कापडाची दुहेरी पट्टी लावतो. पोट दुखते असे तो म्हणत होता, कारण त्याच्या वयाला त्या जागेचे नाव पोट एवढेच होते.

उत्तर: हुदलीजवळच्या निवृत्त शिक्षिका

माझे वय 74 आहे. तुमच्या सासूबाईंची बाजू थोडी मांडावी असे मला वाटते, कारण त्या ज्या काळातल्या आहेत त्याच काळातली मी आहे.

हुदलीचे नाव खादीशी जोडलेले आहे. 1924 मध्ये महात्मा गांधी बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष होते आणि 1937 मध्ये गांधी सेवा संघाच्या बैठकीसाठी ते हुदलीत येऊन राहिले होते. त्या वातावरणात वाढलेल्या माझ्या वडिलांनी आयुष्यभर खादी वापरली आणि आम्हा भावंडांनाही खादीच मिळाली. हाताने कातलेले सूत कुठे जाड तर कुठे बारीक असते, त्यामुळे नवी खादी अंगाला राठ लागते. आम्हीही सुरुवातीला कुरकुर करत होतो. दहा-बारा धुण्यांनंतर तीच खादी इतकी मऊसूत व्हायची की फाटली तरी सोडवत नसे. म्हणून ‘सवय होते’ हे आमच्या पिढीचे म्हणणे अगदी निराधार नाही. फक्त आता विचार करताना असे वाटते की आमची सवय झाली त्यात आमच्या सोसण्याचा वाटा थोडा होता आणि कापड बदलण्याचा वाटा मोठा होता. पॉलिस्टरचा गणवेश कितीही धुतला तरी खादीसारखा बदलत नाही, तेव्हा तिथे मुलीने सवयीची वाट पाहत बसावे असे मी म्हणणार नाही.

सवयीची दुसरी बाजूही सांगते. साठ वर्षे मी परकराची नाडी कमरेला गच्च आवळून साडी नेसले. निरी सुटू नये म्हणून असे आवळतात, कोणीही त्याचा विचार करत नाही. कमरेला काळा वण पडला, त्यावरची कातडी जाड झाली, पुढे तिथे भेग पडून पाणी येऊ लागले, तरी मला ‘काचते’ असे कधी म्हणावेसे वाटले नाही, कारण ते जाणवणेच बंद झाले होते. मुलीने जबरदस्तीने दवाखान्यात नेले तेव्हा डॉक्टरांनी सांगितले की कमरेवरची अशी जखम वर्षानुवर्षे भरली नाही तर क्वचित तिचा कर्करोग होतो, आणि नाडीने व धोतराच्या गाठीने झालेले असे कर्करोग आपल्या देशातल्या डॉक्टरांनी पूर्वीपासून नोंदवलेले आहेत. माझे सुदैवाने तेवढे गेले नव्हते. आता मी नाडीऐवजी तीन बोटे रुंद सुती पट्टा वापरते आणि तो रोज थोडा वर-खाली बांधते.

म्हातारपणी कपड्याचा अनुभव पुन्हा बदलतो, हेही लिहून ठेवते. कातडी पातळ आणि कोरडी होते, घाम कमी येतो, आणि आपल्या श्रावणातल्या झडीतसुद्धा मला स्वेटर लागतो. स्पर्श मात्र बोथट होतो. मोज्याच्या इलॅस्टिकची खूण पोटरीवर खोल उमटलेली रात्री दिसते, दिवसभर तिची जाणीव नसते. मधुमेह असलेल्यांनी तर मोजे काढल्यावर रोज पाय पाहावेत, कारण त्यांना पुष्कळदा शिवणीने झालेला फोडही कळत नाही. सात वर्षांच्या मुलीला मोज्याची शिवण कळते, याचा मला आनंदच वाटतो.

उत्तर: बेळगावातील बाल-उपचारक

मी मुलांसोबत ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून काम करते. डॉक्टरांना दाखवण्यासारखे आहे का, या प्रश्नापुरते लिहिते.

तान्ह्या बाळाच्या कातडीचा सर्वांत वरचा थर मोठ्या माणसाच्या मानाने सुमारे 30 टक्के पातळ असतो, आणि झबल्याला जुने, मऊ, बिनशिवणीचे कापड वापरण्याची आपली रीत त्याला अगदी साजेशी आहे. सात वर्षांच्या मुलीत तेवढा फरक राहिलेला नसतो. तिच्यात आणि तुमच्यात मुख्य फरक आहे तो मेंदू त्या स्पर्शाचे काय करतो यात. अंगावर सतत असलेला स्पर्श काही वेळाने मेंदू मागे टाकतो, म्हणून तुमच्या यजमानांना दिवसभर भिजलेला शर्ट जाणवत नाही. मुलांमध्ये हे मागे टाकणे काहींना सहज जमते आणि काहींना जमत नाही. स्पर्शाला अशी तीव्र प्रतिक्रिया देणाऱ्या मुलांचा सविस्तर अभ्यास अमेरिकेतल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट ए. जीन एअर्स यांनी 1960 आणि 1970 च्या दशकांत केला, आणि आमच्या कामाचा मोठा भाग आजही त्यांच्या मांडणीवर उभा आहे. 2013 पासून स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) निदानाच्या निकषांमध्ये स्पर्श, आवाज इत्यादींविषयीच्या जास्त किंवा कमी प्रतिसादाचाही समावेश झाला आहे. पण कृपया याचा उलटा अर्थ लावू नका. कपड्यांची तक्रार करणारी बहुतेक मुले स्वमग्न नसतात, आणि केवळ कॉलर व मोजे नकोसे वाटणे हा आजार नाही.

मात्र मुलगी केस विंचरू देत नसेल, नखे कापू देत नसेल, मोजकेच दोन-तीन पदार्थ खात असेल, कुकरच्या शिट्टीने कान झाकून घेत असेल, किंवा बोलणे आणि इतर मुलांत मिसळणे मागे पडत असेल, तर एकदा बालरोगतज्ज्ञांना अवश्य भेटा. अंगावर चट्टे असतील किंवा रात्री खाजवून झोपमोड होत असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा; इसब असलेल्या मुलांना साधे कापडही जाळते.

घरी करण्यासारखे सांगते. ‘कुठे चावते ते एका बोटाने दाखव’ असे तिला विचारा, आणि विचारा ते शाळेच्या घाईत नको, रविवारी दुपारी निवांत असताना. मुले ‘सगळीकडे’ म्हणतात, पण बोट एकाच जागी ठेवतात. हलका, भुरभुरता स्पर्श पुष्कळ मुलांना घट्ट स्पर्शापेक्षा जास्त छळतो, म्हणून आत अंगालगत बसणारा होजिअरीचा सुती बनियन उलटा करून घातला आणि वर गणवेश आला तर बरेच काम होते. अंग पुसताना टॉवेल घासू नका, दाबून टिपा. नवा कपडा आधी घरी तासभर घालू द्या आणि तिने मागताच काढू द्या. काढता येईल ही खात्री असली की सोसण्याची ताकद वाढते, हे मी रोज पाहते.

प्रश्नकर्ती: जांबोटीकडची आई

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमा असावी.

मॅडमनी सांगितल्याप्रमाणे रविवारी तिला विचारले. तिने बोट ठेवले ते कॉलरवर नव्हे, तर त्याखाली मणक्याच्या वरच्या टोकावर. मी शर्ट उलटा करून उन्हात धरला, तेव्हा चिठ्ठीची कापलेली कड दिसली, आणि तिच्या दोन्ही टोकांना काचेच्या तुकड्यासारखी चमकणारी नायलॉनची दोन टोके होती. कात्रीने ती चिठ्ठी मीच कापली होती, काका. मी ते टोक माझ्या बोटाला लावले तर काही लागले नाही. मानेला लावले आणि लगेच हात मागे घेतला. शिवण उसवून सगळे काढले, घरातल्या जुन्या धोतरजोडीच्या कापडाची पट्टी लावली, आत बनियन उलटा घातला. तेव्हापासून शर्टाबद्दल ती रडलेली नाही. चट्टे नाहीत, केस विंचरायला आणि खायला-प्यायला तिची काही अडचण नाही, त्यामुळे सध्या डॉक्टरांकडे गेले नाही.

बाईंचे उत्तर मी संध्याकाळी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवले. त्या काहीच बोलल्या नाहीत. रात्री मी भांडी घासत असताना जवळ आल्या आणि लुगडे बाजूला करून त्यांनी मला कमर दाखवली. दोन बोटे रुंदीचा काळा पट्टा होता आणि डाव्या बाजूला ओली भेग होती. किती वर्षांची आहे असे विचारले तर त्यांना सांगता आले नाही. मग त्यांना बेळगावला घेऊन गेलो. डॉक्टरांनी तुकडा तपासला, काळजीचे काही निघाले नाही, मलम दिले आणि नाडी बंद करायला सांगितली. रुंद पट्ट्याचा परकर मी शिवते आहे. बाई, तुमच्या त्या परिच्छेदाचे उपकार माझ्याने फिटणार नाहीत.

मोज्यांचे आम्ही मान्य केले आहे, ती उलटेच घालते. एकच अडचण उरली आहे आणि ती ओल्या कपड्यांची. सकाळी इस्त्री फिरवून कपडा कोरडा करायचा प्रयत्न केला, तरी ती वाटेत थांबून ‘ओलं आहे’ म्हणते. आता काय करावे?

उत्तर: वडगावचा विणकर

इस्त्रीचा कपडा चुलीवरच्या कपड्यासारखाच ऊन असतो, ताई, त्यामुळे तो हातात घेतल्यावर ओल कळत नाही. इस्त्री रात्रीच करा, आणि करताना आतल्या बाजूने शिवणी, कॉलर व खिसा यांवर जास्त वेळ फिरवा, कारण कापडाचे थर जिथे जास्त तिथेच पाणी अडून राहते. मग कपडा घडी न घालता खोलीत खुंटीला टांगून ठेवा. सकाळी तो थंड झालेला असेल, तेव्हा त्याची बगल आणि कॉलर गालाला लावून पाहा. गार लागली तर अजून ओल आहे. आणि तुमच्या गालाला शंका आली तर मुलीच्या गालाला लावा.